एसटीआय दिलं की कर्नल कोसळतं, लिंकर म्हणतो सगळं ठीक

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. शिकण्याच्या हौसेपोटी एक छोटं ३२ बिट कर्नल लिहितोय. ग्रब बूटलोडर ते मेमरीत चढवतो, असेम्ब्लीचा भाग नॅसम या असेम्ब्लरमध्ये, बाकी सगळं सी. चालवतो क्यूईएमयू या एम्युलेटरवर. पेजिंग अजून सुरू केलेलं नाही.

प्रोसेसरचे पहिले ३२ एक्सेप्शन नीट चालतात. मुद्दाम शून्याने भागून पाहिलं, हँडलर येतो, रजिस्टर छापतो. मग पिक (इंटरप्ट कंट्रोलर) रीमॅप करून १६ आयआरक्यू (हार्डवेअरचे इंटरप्ट) ३२ ते ४७ या व्हेक्टरांवर, म्हणजे इंटरप्टच्या क्रमांकांवर, आणले आणि तिथून वाट लागली. एसटीआय (इंटरप्ट चालू करायची सूचना) दिलं रे दिलं की क्यूईएमयूच मरतं. जाताना म्हणतं: 'ट्राइंग टू एक्झिक्यूट कोड आउटसाइड रॅम ऑर रॉम ॲट ०एक्स६१६डी६१४ई'.

रचना साधी आहे. असेम्ब्लीत प्रत्येक व्हेक्टरचा एक छोटा स्टब, म्हणजे हँडलरकडे नेणारा कोडचा तुकडा. खाली डेटा सेक्शनमध्ये त्या स्टबांच्या पत्त्यांचा तक्ता, नाव आयएसआर_टेबल. सीच्या हेडरमध्ये तोच तक्ता एक्स्टर्न म्हणून ४८ पॉइंटरांचा ॲरे. एक लूप ० ते ४७ फिरून आयडीटी (कुठल्या व्हेक्टरला कुठे उडी मारायची ते प्रोसेसरला सांगणारा तक्ता) भरतो. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून बिल्ड केलं, कंपायलर गप्प, लिंकरही गप्प. कुठे बघू?

ढापण्या
टायमर इंटरप्ट आल्यावर पिकला ईओआय (इंटरप्ट हाताळून झाल्याचा इशारा) पाठवतोस का? पोर्ट ०एक्स२० वर ०एक्स२०. नव्वद टक्के लोकांचं तिथेच अडतं.

डोंगरवाट
@ढापण्या, हँडलरपर्यंत पोचतच नाहीये हो. पहिल्याच टिकला खेळ खल्लास.

खारीबटर
ईओआयचा संबंध नाही. तो पत्ता नीट बघ. ६१, ६डी, ६१, ४ई. हे चारही आकडे छापता येणाऱ्या अक्षरांचे आस्की कोड आहेत. इंटेल लिटल एन्डियन, म्हणजे मेमरीत उलट क्रमाने: ४ई, ६१, ६डी, ६१. अक्षरं वाचली तर एन, ए, एम, ए.

तुझ्या असेम्ब्ली फाइलमध्ये तक्त्याच्या लगेच खाली 'नमस्कार' असं काही रोमन लिपीत लिहून ठेवलंयस का?

डोंगरवाट
आई शप्पथ. हो! बूट होताना छापायचा स्वागत संदेश. तक्त्याच्या बरोब्बर खाली.

लाल_डबा
तू प्रोसेसरला नमस्कार केलास, त्याने साष्टांग घातला.

मृण्मयी_के
=)) खारीबटर, दंडवत!

खारीबटर
आता गंमत उघड आहे. तक्ता तयार करणाऱ्या नॅसमच्या रेप मॅक्रोतला आकडा बघ. ३२ असणार. आयआरक्यूचे स्टब तू लिहिलेस, हेडरमध्ये ४८ केलंस, तक्त्याचा आकडा तसाच राहिला. सीचा लूप ३३ व्या नोंदीला गेला, तिथे तक्ता संपून संदेश सुरू होतो. पहिली चार अक्षरं पत्ता समजून आयडीटीत भरली गेली. एक्सेप्शन नीट चालले कारण पहिल्या ३२ नोंदी खऱ्या आहेत. एसटीआयपर्यंत कुणी ३२ व्या व्हेक्टरला हातच लावला नव्हता.

डोंगरवाट
अगदी तसंच. ४८ केलं, कोसळायचं थांबलं. आभार!

पण आता दुसरा प्रश्न, आणि खरं तर हाच मोठा वाटतोय. एका फाइलीत ३२ आणि दुसरीत ४८ असताना लिंकर काहीच कसं बोलला नाही? आणि हे आकडे जुळते ठेवायची तुम्हा लोकांची पद्धत काय? 'लक्षात ठेवायचं' हे उत्तर नको.

(तिसरं फुटकळ: टायमरचा टिक आता एकदाच येतो आणि मग शांतता.)

ढापण्या
ईओआय. ईओआय. ईओआय. :ड

डोंगरवाट
@ढापण्या, झालं चालू. मान्य आहे बाबा.

जुनाखांब
लिंकरचा काही दोष नाही. तो पोस्टमन आहे, दारावरची पाटी वाचून पत्र टाकतो. आत खोल्या किती ते त्याने बघायचं नसतं. तुझ्या सी फाइलची ऑब्जेक्ट फाइल उघडून बघ. रीडएल्फने चिन्हांची यादी काढ. आयएसआर_टेबलपुढे 'अनडिफाइन्ड' आणि आकार शून्य असं दिसेल. कंपायलरला ४८ माहीत होतं, पण बाहेरच्या ॲरेचा आकार तो ऑब्जेक्ट फाइलीत लिहीतच नाही. नॅसमच्या बाजूलाही तू सांगितल्याशिवाय आकार लिहिला जात नाही. दोन्हीकडून आकडाच आला नाही तर लिंकर तुलना कशाची करणार?

असेम्ब्लीच्या बाजूने आकार लिहायची सोय आहे. गॅसमध्ये (ग्नूचा असेम्ब्लर) डॉट साइझ, नॅसममध्ये ग्लोबलच्या ओळीत नावापुढे कोलन देऊन डेटा आणि कंसात शेवटचं लेबल वजा पहिलं लेबल. मग एनएमला (चिन्हांची यादी देणारं साधन) कॅपिटल एस देऊन चालवलं की तक्ता किती बाइटचा ते दिसतं. त्याने चूक आपोआप पकडली जात नाही, पण तपासायला काहीतरी हाती लागतं.

शेवग्याची_शेंग
सोपं आहे की. सीमध्ये स्टॅटिक असर्ट लावा: तक्त्याचा साइझऑफ बरोबर ४८ गुणिले ४. जुळलं नाही तर बिल्ड फुटेल.

खारीबटर
@शेवग्याची_शेंग, नाही फुटणार. साइझऑफ वाचतो हेडरमधली घोषणा. तिथे ४८ लिहिलंय, असर्टमध्येही ४८, म्हणजे तू सीची तुलना सीशीच केलीस. असेम्ब्लीत खरे बाइट १२८ असोत की १९२, असर्ट खूश.

शेवग्याची_शेंग
हम्म. हो की. म्हणजे असर्ट बाइट जिथे आहेत तिथे हवा.

जुनाखांब
बरोबर. गॅसमध्ये डॉट इफ आणि डॉट एरर वापरून तक्त्याखालीच तपासता येतं: सध्याची जागा वजा तक्त्याची सुरुवात, हे ठरलेल्या आकड्याइतकं नसेल तर एरर. शुद्ध डेटाच्या तक्त्याला हे चालतं. मध्ये लांबी बदलू शकणाऱ्या जंप सूचना असतील तर मात्र गॅस म्हणतो की ही किंमत मला आत्ता ठाऊक नाही.

नॅसममध्ये इफ हे प्रीप्रोसेसरचं काम, त्याला लेबलांचे पत्ते दिसत नाहीत. तिथे बूट सेक्टरवाली युक्ती. ५१० वजा आतापर्यंतचे बाइट इतके शून्य भरा, हे सगळ्यांनी लिहिलंय. टाइम्सला ('इतक्या वेळा भर' सांगणारा नॅसमचा शब्द) ऋण आकडा मिळाला की नॅसम बिल्ड थांबवतो.

मृण्मयी_के
@जुनाखांब, पण ती युक्ती एकतर्फी आहे. तक्ता मोठा झाला तर ओरडेल. छोटा राहिला तर गुपचूप शून्य भरेल, आणि डोंगरवाट यांचा तक्ता छोटाच होता. मग ३२ वा व्हेक्टर शून्य पत्त्यावर उडी मारेल. पेजिंग नाही, तिथे बायोसच्या काळातला इंटरप्ट तक्ता पडलेला असतो, तोच कोड म्हणून चालायला लागेल. आत्ताच्या कोसळण्यापेक्षा ते वाईट, कारण काहीही होऊ शकतं.

दोन ओळी लिहायच्या. आधी टाइम्सला 'आतापर्यंतचे बाइट वजा अपेक्षित', मग 'अपेक्षित वजा आतापर्यंतचे'. कमी पडलं तर पहिली ओळ फुटते, जास्त झालं तर दुसरी. बरोबर असेल तर दोन्ही शून्य.

डोंगरवाट
हे आवडलं. लगेच टाकतो.

सावजी_रस्सा
सगळे लोक प्लास्टर लावून ऱ्हायले. तक्ता असेम्ब्लीत हवाच कशाला? स्टब असेम्ब्लीत ठेव, पत्त्यांचा ॲरे सीमध्ये लिही. मग साइझऑफ खरा, असर्ट खरा, भांडणच नाही. लिनक्सनेही हेच केलं ना बावा. एक्स८६ चा सिस्टिम कॉलचा (प्रोग्रामने कर्नलकडे मागायच्या सेवांचा) तक्ता पूर्वी असेम्ब्लीत होता, आता सी फाइलीत आहे.

जुनाखांब
@सावजी_रस्सा यांच्याशी निम्मा सहमत. पण मधली कहाणी सांगायला हवी, कारण हा प्रश्न लिनक्सच्या जन्मापासूनचा आहे. थोडं लांब होईल.

०.११ ही आवृत्ती डिसेंबर १९९१ ची. तिच्या सिस्टिम_कॉल डॉट एस या फाइलीत वरतीच एक ओळ आहे: एनआर_सिस्टिम_कॉल्स = ७२. तक्ता स्वतः सीच्या हेडरमध्ये, फंक्शन पॉइंटरांचा ॲरे. तिथे नवा कॉल जोडायचा तर तक्त्यात नाव घाला आणि असेम्ब्लीत जाऊन ७२ चा ७३ करा. विसरलात तर नवा कॉल तक्त्यात असूनही असेम्ब्लीतली तुलना त्याला बाद ठरवते. हे त्यातल्या त्यात बरं, कारण चूक सुरक्षित बाजूला पडते. उलट झालं, म्हणजे असेम्ब्लीत आकडा मोठा आणि तक्ता छोटा, की डोंगरवाटचा नमस्कार.

त्याच फाइलीत याहून भारी नमुना आहे. प्रत्येक प्रोसेसच्या टास्क स्ट्रक्चरमध्ये सुरुवातीला स्टेट, काउंटर, प्रायॉरिटी, सिग्नल हे चार चार बाइटचे. मग सिगॲक्शनचा ३२ नोंदींचा ॲरे, एक नोंद १६ बाइटची. त्यानंतर ब्लॉक्ड. असेम्ब्लीला ब्लॉक्ड कुठे आहे ते हवं असतं, आणि तिथे थेट ३३ गुणिले १६ लिहिलंय. ३२ नोंदींचे ५१२ आणि आधीचे १६, मिळून ५२८. सीमध्ये त्या ॲरेत एक नोंद वाढवली असती तर असेम्ब्लीने सिग्नलचा मास्क म्हणून भलतंच काही वाचलं असतं. म्हणून स्ट्रक्चरवर टीप आहे की हे हार्डकोड केलेलं आहे, हात लावू नका. कुंपण म्हणून एवढंच.

अश्विनी०७
वाचतेय. हा धागा वाचनखुणेत.

जुनाखांब
पुढचा टप्पा २.४ चा. तक्ता असेम्ब्लीत, आणि शेवटी डॉट रेप्टने 'एनआर_सिसकॉल्स वजा आतापर्यंत भरलेल्या नोंदी' इतक्या वेळा 'असा कॉल नाही' सांगणाऱ्या फंक्शनचा पत्ता. म्हणजे उरलेली जागा शून्याने न भरता सभ्य नकाराने भरली. मृण्मयी यांचा आक्षेप तिथे लागू होत नाही. २.६ मध्ये त्याहून पुढे गेले, तक्त्याच्या बाइटांना चारने भागून कॉलची संख्या काढली, वेगळा आकडा ठेवलाच नाही. आणि नंतर तक्ता सीमध्ये आला: तेव्हा आधी सगळ्या नोंदींना तोच नकार भरायचे, मग यादीतून बनवलेल्या हेडरने एकेक नोंद जागेवर.

एआरएमवाल्यांनी तक्ता असेम्ब्लीत ठेवला, पण मॅक्रो कडक आहेत. नंबर उलटसुलट आला तर एरर, तक्ता ठरल्यापेक्षा मोठा झाला तर 'सिस्टिम कॉल टेबल टू बिग' असा एरर, आणि शेवटी डॉट साइझ.

बिटकॉइनकाका
एआरएमची अजून एक मजा. तिथे कॉलची संख्या बरेचदा खऱ्या कॉलपेक्षा थोडी जास्त असते. कारण तुलना करणाऱ्या सूचनेत आकडा बसवायला ८ बिट आणि सम संख्येचं फिरवणं एवढीच सोय. शेकड्यांतला आकडा बसायचा तर तो चारच्या पटीत हवा. मग संख्या वर ढकलायची आणि मधल्या रिकाम्या नोंदी भरायच्या. तक्त्याचा आकार चिपच्या सूचनेत काय मावतं त्यावर ठरतो!

लाल_डबा
काका, नाव बिटकॉइन आणि गप्पा बिटांच्या. इनोद.

मृण्मयी_के
पत्त्यांच्या तक्त्याबद्दल सगळे बोलताहेत, पण कोडचाच ॲरे असतो तेव्हा आणखी कठीण. लिनक्समध्ये ६४ बिट एक्स८६ च्या बूटमध्ये सुरुवातीच्या एक्सेप्शनसाठी ३२ छोटे स्टब एकापाठोपाठ ठेवलेले. सीमध्ये त्याची घोषणा द्विमिती कॅरॅक्टर ॲरेची: ३२ ओळी, प्रत्येक ओळ २+२+५ बाइटांची. म्हणजे ९. दोन बाइटचा पुश शून्य (प्रोसेसर स्वतः एरर कोड टाकत असेल तिथे त्याऐवजी नोऑप), दोन बाइटचा पुश व्हेक्टर, आणि पाच बाइटची जंप.

पण जंप पाचच बाइटची येईल हे कुणी ठरवलं? १२७ बाइटांच्या आत जायचं असेल तर एक्स८६ वर दोन बाइटची जंप पुरते. गॅस ग्लोबल लेबलकडे जाताना छोटी जंप काढत नाही, एवढ्या सवयीवर सगळा डोलारा उभा होता. उद्या असेम्ब्लर शहाणा झाला असता तर शेवटचे काही स्टब सहा बाइटचे झाले असते आणि सी मात्र नऊ नऊच्या ढांगा टाकत राहिलं असतं.

२०१५ मध्ये कर्नल डेव्हलपर अँडी लुटोमिर्स्की यांनी ते दुरुस्त केलं. ९ ला नाव दिलं, ते नाव सी आणि असेम्ब्ली दोघांनी एकाच हेडरमधून घेतलं, आणि प्रत्येक स्टबनंतर पुढच्या नऊच्या पटीपर्यंत डॉट फिलने ०एक्ससीसी भरलं. स्टब लांबला तर फिलचा आकडा ऋण होतो आणि गॅस वॉर्निंग देतो. जागा पुढे ढकलायची दुसरी रीत होती, ती मागे जायला थेट एररच देते. पण तिने मध्ये शून्य भरले जातात आणि डिसअसेम्ब्ली वाचणारा गोंधळतो, म्हणून ती टाळली. हा निर्णय मला अजून पूर्ण पटलेला नाही. वॉर्निंग वाचतं कोण?

पुढे इंटेलच्या आयबीटी या सुरक्षेच्या सोयीसाठी प्रत्येक स्टबच्या डोक्यावर चार बाइटची सूचना आली. तेव्हा त्या एकाच नावाची व्याख्या बदलली, ९ चे १३ झाले.

ढापण्या
मी वॉर्निंग वाचतो. चुकून स्क्रीनवर आली तर.

खारीबटर
मृण्मयींच्या मुद्द्याला जोड. पुशचीही लांबी बदलते. चिन्हासकट एका बाइटात बसणारा आकडा, म्हणजे १२७ पर्यंत, दोन बाइटात पुश होतो. १२८ आला की पाच बाइट. म्हणजे २५६ व्हेक्टरांचे स्टब समान अंतरावर ठेवायला गेलास तर अर्ध्या वाटेवर अंतर बदलतं. लिनक्समध्ये यासाठी पूर्वी व्हेक्टरचं उलट करून त्यात १२८ मिळवून पुश करायचे, म्हणजे आकडा कायम एका बाइटात राहायचा, आणि प्रत्येक स्टब ठरावीक बाइटांवर अलाइन.

डोंगरवाट, तुझी पत्त्यांची यादी असल्याने तुला हा त्रास नाही. यादीचा हाच फायदा. जागा जास्त खाते, पण स्टब कितीही लांबीचे असू देत.

अश्विनी०७
विद्यार्थिनीचा प्रश्न. आम्हाला शिकायला एमआयटीचं एक्सव्ही६ हे छोटं कर्नल आहे, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवालं. त्यात मी सुरुवातीचा स्टॅक दुप्पट करायला एंट्री डॉट एसमध्ये १०२४ गुणिले ४ चं १०२४ गुणिले ८ केलं. सीमध्ये स्टॅक०ला हात लावला नाही. तरी सगळं चालतंय. मग या धाग्यानुसार कोसळायला हवं ना?

जुनाखांब
@अश्विनी०७, सुंदर प्रश्न. कागदावर मांड. सीमध्ये स्टॅक० आहे ४०९६ गुणिले एनसीपीयू, आणि एनसीपीयू ८. एकूण ३२७६८ बाइट. असेम्ब्लीत प्रत्येक हार्ट (रिस्क-फाइव्हमध्ये सीपीयूला हेच म्हणतात) आपला एसपी, म्हणजे स्टॅक पॉइंटर, काढतो: स्टॅक०चा पत्ता अधिक आकार गुणिले (हार्टचा नंबर + १). आता आकार ८१९२. शून्य ते तीन नंबरचे हार्ट ३२७६८ च्या आतच राहतात. चौथ्याचा एसपी ४०९६० वर, ॲरेच्या बाहेर.

मेकफाइल मुळात तीनच सीपीयू देते. तू ते बदललं नसशील तर ० ते २ एवढेच चालतात, म्हणून सगळं आलबेल. सीपीयूएस=८ देऊन चालव.

अश्विनी०७
आठ दिल्यावर शेलसुद्धा येत नाही. =)) आणि उलट केलं तर? सीमध्ये दुप्पट, असेम्ब्लीत तसंच?

जुनाखांब
मग काहीच मोडणार नाही, तेच वाईट. अर्धी मेमरी पडून राहील आणि तुझा स्टॅक पूर्वीइतकाच. 'वाढवला तरी ओव्हरफ्लो होतोच' म्हणून भलतीकडे शोधत बसशील. एंट्री डॉट एसचं एस कॅपिटल आहे, म्हणजे ती फाइल आधी सीच्या प्रीप्रोसेसरमधून जाते. पॅरम डॉट एचमध्ये एक डिफाइन कर आणि दोन्हीकडे तेच नाव वापर.

शेवग्याची_शेंग
आणि हेडरमध्ये सीच्या घोषणा असतील तर असेम्ब्लर बोंबलतो. नुसते डिफाइन असलेलं वेगळं हेडर ठेवा, नाहीतर दोन अंडरस्कोरवालं असेम्ब्ली नाव तपासून घोषणा झाका.

डोंगरवाट
पण मी नॅसमवाला. सीचं हेडर नॅसमला कळत नाही.

मृण्मयी_के
मग आकडा तयार करून घ्या. लिनक्सची असेम-ऑफसेट्स ही फाइल बघा. सी फाइल आहे, पण कधीच चालवली जात नाही. तिच्यात ऑफसेट आणि साइझऑफ इनलाइन असेम्ब्लीत विशिष्ट खूण लावून टाकतात. कंपायलर त्याची असेम्ब्ली काढतो, सेड (मजकूर गाळून बदलणारं साधन) त्यातून त्या खुणांच्या ओळी उचलतो आणि डिफाइनचं हेडर बनवतो. कंपायलरने जे ठरवलं तेच असेम्ब्लीला मिळतं, पॅडिंगसकट. तुम्ही सेडमध्ये थोडा बदल करून नॅसमचं ईक्यूयू छापू शकता. ०.११ मधला तो ३३ गुणिले १६ आज असा निघाला असता.

सावजी_रस्सा
४८ नोंदींच्या तक्त्यापायी सेड! पोट्ट्याला कर्नल लिहू द्या, बिल्ड सिस्टिम नको.

खारीबटर
इथे सावजी बरोबर. डोंगरवाटला आकडा सीमध्ये बिल्डच्या वेळी लागतच नाही. आयडीटी ठरलेली २५६ नोंदींची, ८ बाइटची एक, २०४८ बाइट, लिमिट २०४७. तक्त्याची लांबी फक्त लूपला हवी. मग ४८ हा आकडा हेडरमधून काढूनच टाक. असेम्ब्लीत तक्त्याच्या शेवटी आयएसआर_टेबल_एंड लेबल दे, सीमध्ये दोन्ही रिकाम्या चौकटी कंसाने घोषित कर, लूप सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

स्टॅक०चं उलट. तिथे बाइट सीने घेतलेत, म्हणून आकडा सीचा आणि असेम्ब्लीने तो मागून घ्यायचा.

बिटकॉइनकाका
रिकाम्या चौकटी कंसाबद्दल जोर देऊन सांगतो: ॲरे म्हणून घोषित कर, पॉइंटर म्हणून नको. एक्स्टर्न व्हॉइड पॉइंटर-पॉइंटर लिहिलंस तरी लिंकर तेवढाच खूश राहील. मग सी तक्त्याची पहिली नोंद वाचेल आणि तिलाच तक्त्याचा पत्ता समजेल. आणि शेवटच्या लेबलला नुसतं एक्स्टर्न कॅर लिहिलं तर कंपायलर समजतो की इथे एकच बाइट आहे, आणि त्यापुढे वाचायला गेलं की हटकतो. लिनक्सच्या सेक्शन्स डॉट एचमध्ये सगळी लेबलं ॲरे म्हणून आहेत ती उगाच नाही.

शुद्धतावाद्यांसाठी: सीच्या नियमाने दोन वेगळ्या ॲरेंचे पॉइंटर वजा करणं गैर आहे. यूआयएनटीपीटीआरमध्ये बदलून वजा करा आणि शांत झोपा.

ढापण्या
नोंदीचा आकारही बघा हं, नुसती संख्या नको. ६४ बिटला गेलात की गॅसचा डॉट लाँग एक्स८६ वर चारच बाइटचा राहतो आणि सीचा अनसाइन्ड लाँग आठचा होतो. नॅसममध्ये डीडीचं डीक्यू. डॉट वर्ड तर एक्स८६ वर दोन बाइट आणि एआरएम, रिस्क-फाइव्हवर चार. संख्या ४८ च्या ४८ जुळेल आणि प्रत्येक नोंद दोन पत्त्यांची खिचडी असेल.

लाल_डबा
ढापण्या आज ईओआय सोडून दुसरं काही बोलला. धागा यशस्वी.

डोंगरवाट
हेडरमधून ४८ उडवलं. शेवटचं लेबल, रिकाम्या कंसांचे ॲरे, आणि मृण्मयी यांच्या दोन टाइम्स ओळी. तपासायला मुद्दाम एक आयआरक्यू काढून पाहिला, नॅसमने 'टाइम्स व्हॅल्यू उणे ४' म्हणून बिल्ड थांबवलं. झकास.

आता सिस्टिम कॉलसाठी इंट ०एक्स८० जोडायचाय. तक्त्यात ४९ वी नोंद घातली, अपेक्षित आकडाही ४९ केला, बिल्ड झालं. पण इंट ०एक्स८० दिला की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट.

खारीबटर
४९ वी नोंद ४८ व्या व्हेक्टरवर बसली. ०एक्स८० म्हणजे १२८. आकार जुळला, क्रमांक नाही. १२८ ची आयडीटी नोंद रिकामी आहे, तिथे गेट नाही, म्हणून फॉल्ट. एरर कोड छापत असशील तर ४०२ दिसेल हेक्समध्ये. ०एक्स८० तीन बिट डावीकडे सरकवून त्यात आयडीटीचं बिट.

डोंगरवाट
४०२. बरोब्बर. मग मधल्या ८० नोंदी भरू का तक्त्यात?

जुनाखांब
कशाला? तक्ता ४८ चाच ठेव आणि ०एक्स८० चं गेट सीमधून वेगळं बसव. ०.११ मध्येही ते वेगळंच बसवलंय, शेड्यूलरच्या इनिटमध्ये. आणि त्याआधी सगळ्या २५६ नोंदींना एक साधा 'अनोळखी इंटरप्ट' हँडलर दे. तिथे हेड डॉट एस सुरुवातीलाच तसं करतं, मग खरे हँडलर वरून लिहिले जातात.

मृण्मयी_के
गेट बसवताना डीपीएल (ते कुठल्या मोडमधून वापरता येईल ती पातळी) ३ द्यायला विसरू नका. नाहीतर कर्नलमधून इंट ०एक्स८० चालेल आणि युजर मोडमधून पुन्हा तोच ४०२ येईल.

डोंगरवाट
युजर मोडच अजून नाही हो. पण ३ लिहून ठेवतो.